विहिरीच्या कठड्यावर सोलवटलेली छाती : पाच आठवड्यांचा अनुभव

रविवार, २१ एप्रिल २०२४ रोजी सकाळी आम्ही चौघे शेतातील विहिरीतून पाणबुडी मोटार वर काढत होतो. आमचे गाव बोरी नदीच्या खोऱ्यात, जळगाव जिल्ह्यातील अमळनेर-पारोळा पट्ट्यात आहे. एप्रिल उजाडला की विहिरींचे पाणी तळाला जाते आणि मोटार आणखी खाली सोडावी लागते किंवा दुरुस्तीसाठी वर घ्यावी लागते, त्यामुळे हे काम घरोघरी दरवर्षीचे असते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि सुटीच्या दिवशी धाकट्या भावासोबत शेतात असतो. मोटार निम्म्याहून वर आली असताना कप्पीचा हूक सरकला, नायलॉनचा दोर एकदम सुटला आणि माझ्या उजव्या काखेखालून गेलेल्या त्याच्या वेढ्याने मला कठड्यापर्यंत ओढत नेले. छाती सिमेंटच्या खरबरीत कठड्यावर घासली गेली, दोर काखेपासून बरगड्यांवरून सरकत गेला आणि भावाने मागून कंबर धरली म्हणून मी आत गेलो नाही. मोटार परत पाण्यात पडली. हे सारे तीन-चार सेकंदांत झाले.

सदरा फाटला होता. छातीच्या मधल्या हाडापासून उजव्या स्तनाग्राच्या कडेपर्यंत, तळहाताएवढ्या भागाची वरची त्वचा सोलवटून निघाली होती. तो भाग लालबुंद होता, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे असंख्य थेंब उभे राहिले होते आणि मधूनमधून सिमेंटची राखाडी भुकटी व वाळूचे कण चिकटलेले दिसत होते. त्याच्या खाली, काखेकडून येणारा दोराचा पट्टा मात्र वेगळाच होता. तो साधारण बोटभर रुंद आणि वीतभर लांब होता, त्यातून रक्त येत नव्हते, त्याचा रंग फिकट पांढुरका होता आणि तिथे फारसे दुखतही नव्हते. वरची जखम आग ओकत असल्यामुळे माझे सारे लक्ष तिच्याकडेच होते. दोराचा पट्टा किरकोळ आहे, असे मी त्या क्षणी मनाशी ठरवून टाकले, आणि पुढच्या पाच आठवड्यांत मला सर्वांत जास्त त्रास त्याच पट्ट्याने दिला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वेदनेवरून जखमेची खोली ठरवण्याची चूक आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जण करतो.

शेतातल्या माणसांनी आपापल्या परीने मदत केली. एकाने तंबाखू दाबायला सांगितला, एकाने घरून हळद आणायला मुलाला पिटाळले. मी दोन्ही गोष्टींना नकार दिला आणि फाटक्या सदऱ्याच्या ओल्या बोळ्याने जखम टिपली. नकार दिला ते बरोबर होते, पण बोळ्याने टिपणे चुकीचे होते, कारण त्यामुळे कण निघाले नाहीत, उलट काही आत रुतले. पिण्याच्या स्वच्छ पाण्याची धार दहा ते पंधरा मिनिटे जखमेवरून सोडणे आणि सभोवतीची त्वचा साध्या साबणाने धुणे हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपचार असतो, हे मला दोन तासांनी रुग्णालयात कळले. पाण्याचा कॅन शेतातच, बांधावरच्या निंबाखाली ठेवलेला होता.

घरी पोहोचलो तेव्हा मायने दारातच विचारले, "काय व्हयनं रे भाऊ?" सांगून होईपर्यंत तिचे डोळे भरले होते. भावाने मोटारसायकल काढली आणि आम्ही तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात साडेअकराच्या सुमारास पोहोचलो. रविवार असल्यामुळे बाह्यरुग्ण विभाग बंद होता, पण अपघात विभाग सुरू होता. केसपेपर तिथेच निघाला आणि त्याचे पैसे द्यावे लागले नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार विनामूल्य आहेत, ही गोष्ट अजूनही अनेकांना ठाऊक नाही. सोबत आधार कार्ड असल्याने नोंदणी लवकर झाली.

डॉक्टरांनी जखमेकडे पाहण्याआधी मला पाहिले, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. त्यांनी दीर्घ श्वास घ्यायला लावला, खोकायला सांगितले, छातीचे मधले हाड आणि एकेक बरगडी बोटाने दाबून "इथे दुखते का?" असे विचारले, बोटाला यंत्र लावून रक्तातील ऑक्सिजन मोजला आणि तो ९८ टक्के असल्याचे सांगितले. छातीवर सोलवटले असेल तर त्वचेपेक्षा आत काय झाले हे आधी पाहावे लागते. श्वास घेताना एकाच जागी टोचल्यासारखे दुखणे, धाप लागणे, खोकल्यातून रक्त येणे किंवा पोट व खांदा दुखू लागणे यांपैकी काहीही असेल तर ती केवळ वरवरची जखम मानता येत नाही. मला दीर्घ श्वासाला सातव्या-आठव्या बरगडीपाशी दुखत होते, म्हणून एक्स-रे काढायचे ठरले. तंत्रज्ञांना घरून बोलवावे लागले आणि त्यात सव्वा तास गेला. एक्स-रे स्वच्छ निघाला, तरी बरगडीची बारीक चीर एक्स-रेमध्ये कधी कधी दिसत नाही, त्यामुळे दुखणे वाढले तर परत यायचे, असे डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिले.

मधल्या वेळेत जखमेची नोंद झाली. अपघात कसा झाला, कोणासोबत होतो, कोणावर संशय आहे का, हे विचारून रुग्णालयाने पोलिसांना कळवले. थोड्या वेळाने एक हवालदार आले आणि त्यांनी माझा चार ओळींचा जबाब घेतला. "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" हे वाक्य त्यात लिहिले गेले आहे की नाही, ते वाचूनच मी सही केली. घाबरण्यासारखे यात काही नसते, पण भावाच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला होता. गावातल्या एका हितचिंतकाने पुढे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज भरायला सुचवले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेली ती योजना मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी आहे, अशा जखमेसाठी नाही. म्हणून त्यासाठी कृषी कार्यालयात हेलपाटे घालू नयेत.

त्यानंतर खरा उपचार सुरू झाला आणि तो माझ्या अपेक्षेपेक्षा बराच वेगळा होता. सिस्टरने आधी जखमेवर बधिर करणारी जेली लावून पंधरा मिनिटे थांबायला सांगितले. मग सलाईनची धार सोडत, मऊ ब्रशने आणि बारीक चिमट्याने तिने एकेक कण काढायला सुरुवात केली. दिव्याचा झोत छातीवर होता, मी मान खाली घालून पाहत होतो आणि स्टीलच्या ट्रेमध्ये राखाडी कण पडताना दिसत होते. पंचवीस मिनिटे हे चालले. जेली लावूनही डोळ्यांत पाणी आले. "सर, आज दुखेल, पण आज राहिलेला कण जन्मभर दिसेल," असे ती म्हणाली. सिमेंट, डांबर किंवा मातीचे कण आत राहून वरून त्वचा भरली, तर गोंदल्यासारखे निळे-काळे डाग कायमचे राहतात आणि नंतर ते काढणे अवघड होते. स्पिरिट किंवा फेस येणारे हायड्रोजन पेरॉक्साइड तिने वापरले नाही. मी विचारल्यावर डॉक्टर म्हणाले की त्याने जंतूंबरोबर नव्याने तयार होणाऱ्या पेशीही मरतात.

दोराच्या पट्ट्यापाशी डॉक्टर स्वतः थांबले. त्यांनी तो बोटाने दाबून सोडला आणि दाबलेला भाग पुन्हा गुलाबी होतो का ते पाहिले. सुईच्या टोकाने हलकेच स्पर्श करून कळते का, असेही विचारले. मधल्या भागात मला स्पर्श नीट कळत नव्हता. दोर वेगाने घासला गेला की घर्षणाची उष्णता तयार होते, त्यामुळे अशी जखम सोलवटलेली तर असतेच, शिवाय भाजलेलीही असते, असे त्यांनी समजावले. वरच्या जखमेत त्वचेचा फक्त वरचा थर गेला होता, मज्जातंतूंची टोके उघडी पडली होती आणि म्हणून ती इतकी दुखत होती. पट्ट्यात इजा खोल गेल्याने ती टोकेच दुखावली गेली होती. वरची जखम दहा ते चौदा दिवसांत भरेल आणि पट्ट्याला तीन आठवडे किंवा जास्त लागतील, हा अंदाज त्यांनी पहिल्याच दिवशी दिला होता.

धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे केव्हा घेतले, या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हते. पायात खिळा गेला होता ते वर्ष २०११ असावे, एवढेच आठवले. मातीने मळलेल्या जखमेत शेवटच्या मात्रेला पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर पुन्हा मात्रा देतात, स्वच्छ आणि किरकोळ जखमेत दहा वर्षे धरतात. मला टीडीचे, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प यांच्या लसीचे, इंजेक्शन दिले गेले. त्याची तारीख मी त्याच दिवशी मोबाइलमध्ये लिहून ठेवली आणि घरातल्या सर्वांच्या तारखा शोधायला घेतल्या, तेव्हा मायला आणि भावाला शेवटची मात्रा कधी दिली हे कोणालाच सांगता आले नाही. लहानपणी सगळ्या मात्रा झाल्या की नाही याचीच खात्री नसेल, तर मळलेल्या जखमेत लसीसोबत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. म्हणून ही माहिती हाताशी असलेली बरी. बोटाच्या रक्तावर साखरही तपासली गेली आणि ती व्यवस्थित निघाली. मधुमेहात जखम रेंगाळते, त्यामुळे चाळिशीनंतर ही तपासणी मागून घ्यायलाही हरकत नाही.

शेवटी जखमेवर न चिकटणारी पॅराफिनची जाळी, त्यावर कोरड्या गॉजची घडी आणि कागदी चिकटपट्टी असे ड्रेसिंग झाले. चिकटपट्टी लावण्याआधी छातीवरचे केस कात्रीने आखूड केले गेले. घरी वस्तरा फिरवू नका, त्याने बारीक चिरा पडून जंतूंना वाट मिळते, असे बजावण्यात आले. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल मिळाली आणि मंगळवारी पुन्हा यायचे ठरले. प्रतिजैविक त्या दिवशी दिले नाही. साध्या, नीट धुतलेल्या जखमेला ते लागत नाही, हे तेव्हा मला पटले नव्हते, नंतर पटले.

सोमवारपासून रजा हवी होती. वैद्यकीय कारणासाठी परिवर्तित रजा घेतली तर दुप्पट अर्धवेतनी रजा खात्यातून वजा होते, म्हणजे माझ्या २२ ते ३० एप्रिल या ९ दिवसांसाठी १८ दिवस गेले. अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रुजू होताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, अशी दोन कागदपत्रे लागतात. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र घेताना त्यावर जावक क्रमांक, गोल शिक्का आणि 'पासून-पर्यंत'च्या तारखा आहेत का, हे खिडकीपाशीच पाहून घ्यावे. माझ्या पहिल्या प्रमाणपत्रावर जावक क्रमांक राहिला होता आणि तेवढ्यासाठी भावाला पुन्हा जावे लागले. त्यात आणखी एक चिंता होती. लोकसभेच्या मतदानाची आमच्या जिल्ह्यातील तारीख १३ मे होती आणि निवडणूक कामाचा माझा आदेश आलेला होता. तहसील कार्यालयात चौकशी केली तेव्हा सूट हवी असल्यास साधे प्रमाणपत्र चालणार नाही, असे कळले. तोपर्यंत बरे होऊ, असा हिशेब करून मी अर्ज केला नाही.

छातीवरची जखम हातापायावरच्या जखमेपेक्षा वेगळी वागते, हे पहिल्या दोन रात्रींतच समजले. छाती कधीही स्थिर नसते. प्रत्येक श्वासाला ड्रेसिंगची कड ताणली जाते, कूस बदलता येत नाही, शिंक येणार असे वाटले तरी धडकी भरते. त्यात आमच्याकडचा एप्रिल. बाहेर पारा ४२-४३ अंशांवर, रात्री पत्र्याखाली घामाच्या धारा, आणि घाम गॉजमध्ये मुरला की आतली आग वाढत जाते. मंगळवारी ड्रेसिंग उघडले तेव्हा गॉजवर पिवळसर, पातळ, वास नसलेला ओलावा होता. मी घाबरलो. तो पू नव्हता, जखम भरताना पाझरणारा द्रव होता. पू घट्ट, गढूळ आणि बहुधा वास असलेला असतो, हा फरक सिस्टरने गॉज माझ्यासमोर धरून दाखवला. जखम स्वच्छ होती.

त्यानंतर चूक झाली आणि ती पूर्णपणे माझी होती. गुरुवारी सकाळी उकाडा असह्य झाला. माय दोन दिवसांपासून सांगत होती, "उघडं ऱ्हाऊ दे भाऊ, हवा लागनी म्हंजे खपली धरी." तिच्या आयुष्यभराच्या अनुभवात जखम वाळली म्हणजे बरी झाली. मलाही ते खरे वाटले. मी ड्रेसिंग काढले, पंख्याखाली बसलो आणि एका दुकानातून आणलेली जखमेवर टाकायची पांढरी पावडर दोन्ही जखमांवर भरपूर टाकली. संध्याकाळपर्यंत पावडर आणि पाझर मिळून एक कडक, पिवळट पापुद्रा तयार झाला. दिसायला तो खपलीसारखा होता. रात्री कुशीवर वळताना तो दोन ठिकाणी तडकला आणि खालून रक्त आले. शुक्रवारी पहाटे कणकण जाणवली, तापमापीत १०१ अंश दिसले, आणि पट्ट्याच्या खालच्या बाजूची त्वचा गरम, तांबडी, सुजलेली होती.

२६ एप्रिलच्या सकाळी बाह्यरुग्ण विभागात माझ्यापुढे चाळीसेक माणसे होती, पण ताप सांगितल्यावर ड्रेसिंगच्या खोलीत आधी घेतले गेले. पापुद्रा सलाईनने भिजवून काढायला वीस मिनिटे लागली. पट्ट्यावर त्याखाली घट्ट पू होता. डॉक्टरांनी साध्या बॉलपेनने लालीच्या कडेवर रेघ आखली आणि सांगितले की लाली या रेघेच्या बाहेर गेली, काखेत गाठ आली किंवा ताप चोवीस तासांत उतरला नाही तर थेट भरती व्हायचे. सात दिवसांचे प्रतिजैविक सुरू झाले. पुढचे दोन दिवस मी दर चार तासांनी आरशासमोर उभा राहून ती निळी रेघ पाहत होतो. बायको मोबाइलवर रोज एकाच जागी उभे करून, एकाच उजेडात फोटो काढत असे, आणि त्या फोटोंचा डॉक्टरांना माझ्या वर्णनापेक्षा जास्त उपयोग झाला. रविवारी लाली रेघेच्या आत दोन बोटे सरकलेली दिसली तेव्हा मी तिला हाक मारून दाखवली.

डॉक्टर मायवर किंवा माझ्यावर रागावले नाहीत. सोलवटलेल्या जागी नवी त्वचा कडेवरून आणि केसांच्या मुळांपासून सरकत सरकत तयार होते. वर ओलसर आच्छादन असेल तर पेशी सहज सरकतात, कोरडी खपली असेल तर त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने १९६२ मध्येच डुकरांच्या त्वचेवर हे दाखवून दिले होते, असे त्यांनी सांगितले. माझा स्वतःचा जन्म त्यानंतरचा असून मला हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळत होते. घरी येऊन मी मायला हे अहिराणीतून सांगितले. तिने एवढेच विचारले की मग ओल राहिली तर घाव सडत का नाही. प्रश्न अगदी योग्य होता. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. घामाने भिजलेली घडी तशीच ठेवली तर भोवतालची त्वचा पांढरी पडून सुटू लागते, म्हणून आमच्या उन्हाळ्यात ड्रेसिंग दिवसातून दोनदा बदलावे लागले.

ते आम्ही घरीच शिकलो. हात साबणाने धुवायचे, जुने ड्रेसिंग सलाईनने दहा मिनिटे भिजवायचे आणि ते आपोआप सुटेपर्यंत ओढायचे नाही. औषध दुकानात सलाईनच्या १०० मिलीलिटरच्या लहान बाटल्या मिळतात. मोठी बाटली उघडून चार दिवस वापरण्यापेक्षा त्या बऱ्या. जखमेवर धार सोडायची, भोवती टिपायचे, पॅराफिनची जाळी जखमेपेक्षा थोडी मोठी कापून ठेवायची आणि वर कोरडी घडी. चिकटपट्टीने माझ्या त्वचेला पुरळ आले, तेव्हा बायकोने जुनी सुती बनियन धुऊन, उन्हात वाळवून, पुढून उभी कापली आणि तिला चार नाड्या शिवल्या. ती अंगावर बांधली की घडी जागच्या जागी राहत असे आणि छातीभोवती घट्ट पट्टाही बसत नसे. छातीभोवती पट्टा आवळून बांधू नये, त्याने श्वास उथळ होतो. खांद्यावरून आडवी पिशवी घेणे, काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसणे आणि नायलॉनमिश्रित सदरे हे तीनही मी महिनाभर बंद केले.

याच दिवसांत शेजारच्या एका काकूंनी बायकोला बाजूला घेऊन विचारले की त्यांच्याही छातीखाली "सोलवटले" आहे, महिना झाला, पण दाखवायचे कोणाला? त्यांना कुठे मार लागला नव्हता. स्तनाखालच्या घडीत घाम आणि घर्षण यांमुळे त्वचा लाल होऊन ओलावली होती आणि वर बुरशीचा संसर्ग झाला होता. महिला डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने आणि जागा कोरडी ठेवल्याने दोन आठवड्यांत आराम पडला. म्हणजे तिथे माझ्या नेमका उलट उपचार होता. म्हणून आधी ओळख पटली पाहिजे. खरचटण्याला एक निश्चित क्षण असतो. कशाने, केव्हा घासले हे सांगता येते. काहीही न लागता छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन पाण्याचे फोड आले तर ती बहुधा नागीण असते आणि तिचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेले चांगले. आणि स्तनाग्रावर मार न लागता खवले, ओल किंवा जखम होऊन ती काही आठवड्यांत भरत नसेल तर ते खरचटणे समजून मलम लावत बसू नये. स्तनाच्या कर्करोगाचा पेजेट नावाचा एक प्रकार असाच, इसबासारखा दिसतो. हे पुरुषांनाही लागू आहे. आमच्या भागात बायका ही जागा डॉक्टरांपासूनसुद्धा लपवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. सरकारी रुग्णालयात महिला डॉक्टर किंवा तपासताना सोबत सिस्टर असावी, अशी मागणी निःसंकोच करता येते.

३० एप्रिलला तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र मिळाले आणि १ मे रोजी मी ध्वजवंदनाला शाळेत गेलो. ताप गेला होता, प्रतिजैविकाचे दोन दिवस उरले होते आणि ते मी पूर्ण केले. त्याच आठवड्यात वरच्या जखमेत एक गोष्ट दिसली, जी मी कधीही विसरणार नाही. लाल पृष्ठभागावर, जिथे जिथे केसाचे मूळ होते, तिथे तिथे मोहरीएवढे फिकट गुलाबी ठिपके उमटले होते. दुसऱ्या दिवशी ते ज्वारीच्या दाण्याएवढे झाले, तिसऱ्या दिवशी एकमेकांना भिडले. कडांवरूनही तशीच झिलई आत सरकत होती. शुक्रवारी, १० मे रोजी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. बहीण माहेरी आली होती, अंगणात झोका बांधला होता, पुरणपोळी आणि आमरस झाला होता, आणि त्या दिवशी सकाळी वरच्या जखमेवर ड्रेसिंग लावण्याची गरज उरली नव्हती. संसर्गामुळे ठरल्यापेक्षा सहा दिवस जास्त लागले होते.

पट्टा अजून उघडाच होता. त्याच्या तळाशी आधी पिवळट, चिकट थर होता. तो हळूहळू सुटून खाली दाणेदार लाल मांस दिसू लागले, आणि हे चांगले लक्षण असते. मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य घ्यायला जाताना मी चार ड्रेसिंग, सलाईनच्या दोन बाटल्या आणि बदलायला सैल सुती सदरा सोबत ठेवला. केंद्राध्यक्षांना सकाळीच सर्व सांगितले होते. पेट्या उचलायचे काम सहकाऱ्यांनी केले आणि १३ मे रोजी सात ते सहा मी नोंदवहीच्या टेबलावर बसलो. दुपारी एकदा शाळेच्या कार्यालयात दार लावून ड्रेसिंग बदलले. मोठा त्रास झाला नाही. पट्टा पूर्ण भरला तो २४ मे रोजी, म्हणजे अपघातापासून चौतिसाव्या दिवशी.

जूनमध्ये तो जाड, टणक आणि खाजरा होऊ लागला. तीन आठवड्यांहून अधिक काळ घेणाऱ्या जखमेचा वण उंच येण्याची शक्यता जास्त असते, आणि छातीचा मधला भाग, खांदे व कानाची पाळी या जागी वण वाढण्याची प्रवृत्ती मुळातच असते, असे जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले. त्यांची फी ५०० रुपये होती आणि लिहून दिलेले सिलिकॉन जेल ६८० रुपयांना मिळाले. ते दिवसातून दोनदा पातळ थरात लावायचे, वणावर बोटाने दोन-तीन मिनिटे हलके चोळायचे आणि नव्या त्वचेवर ऊन पडू द्यायचे नाही, नाहीतर ती काळवंडते. वण निवळेपर्यंत शेतात गळाबंद सदरा घालायचा मी नेम ठेवला. सरकारी रुग्णालयात एक रुपयाही लागला नाही. बाहेरची जाळी, घड्या, सलाईन आणि दोनदा जळगावला जाणे धरून एकूण खर्च दोन हजार नऊशेच्या आसपास झाला, आणि त्यातला मोठा भाग वणासाठीचा होता.

नोव्हेंबरच्या तपासणीत वण सपाट आणि फिकट झाला होता, खाज थांबली होती आणि जेल बंद करायला सांगितले गेले. वरच्या जखमेची जागा आता शोधावी लागते. फक्त छातीच्या हाडाच्या उजवीकडे, ज्या जागी मी बोळ्याने टिपले होते, तिथे तिळाएवढे दोन राखाडी ठिपके राहिले आहेत. मोटार आम्ही जूनमध्ये चेन-कप्पी भाड्याने आणून काढली. स्टार्टरच्या पेटीशेजारी भावाने एक झाकणाचा डबा टांगला आहे आणि त्यात सलाईनच्या बाटल्या, जाळीची दोन पाकिटे, गॉज आणि घरातल्या सर्वांच्या टीडीच्या तारखा लिहिलेला कागद आहे. मायची तारीख त्यात सर्वांत शेवटी, तिच्या आग्रहावरून, तिच्याच हाताने लिहिलेली आहे.